बाकी सगळे पेन्सिलीत

३ सप्टेंबर

प्रिय मावशी, आणि मावशीच्या पत्राचे फोटो काढून मला धाडणारे काका,

आधी बातमी. माझी निवड झाली! ज्या संमेलनासाठी मी गेल्या वर्षी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, तेच. गणितातली आणि संगणकशास्त्रातली सगळ्यांत मोठी बक्षिसं मिळालेली वीसेक माणसं आठवडाभर एका ठिकाणी राहतात, आणि आमच्यासारख्या दोनशे धडपड्यांना त्यांच्याबरोबर जेवायला, फिरायला, बोलायला मोकळं सोडतात. वाघांच्या पिंजऱ्यात शेळ्या. फक्त वाघ म्हातारे आणि सभ्य आहेत, इतकाच दिलासा. पंधरा तारखेला सुरू होतंय. गुरुवारी, एकोणीसला, मला फळ्यासमोर तीन मिनिटं मिळणार आहेत.

आता कामाचं. माझा प्रबंध तुझ्या शनिवारांवर उभा आहे हे तुला ठाऊक आहे. बस डेपोतल्या, काका धरून, त्रेसष्ट ड्रायव्हर-कंडक्टरांचा पुढच्या आठवड्याचा चार्ट तू पेन्सिलीनं लिहायचीस, त्यांच्या खोलीत भिंतीवर लावायचीस, शेजारी दोरीला खोडरबर. ज्या दोघांचं पटेल त्यांनी आपापल्या ड्यूट्या बदलून घ्यायच्या. कुणालाच आणखी बदलायचं उरलं नाही की तू तो शाईनं गिरवायचीस. मी त्या खोलीत बाकावर पाय हलवत बसून हे शंभरदा पाहिलंय, आणि चार वर्षं तेच गणितात मांडतेय: अशी अदलाबदल नेहमी थांबते का? मी म्हणते, थांबते. फक्त सिद्धतेतली एक पायरी अजून लटकते आहे. सर म्हणतात, ती बसली तर याच वर्षी प्रबंध. नाही बसली तर नवा विषय शोध, आणि चार वर्षं पाण्यात.

म्हणून नीट आठवून लिही. सव्वीस वर्षांत चार्ट बसलाच नाही, असा एखादा शनिवार होता का?

तुझी
भिंगरी


६ सप्टेंबर

भिंगरे,

बातमी वाचून काकांनी सोसायटीतल्या चार घरी फोन केला. तिसऱ्या घरी तू बक्षीस घ्यायला चालली आहेस असं सांगत होते, मी फोन काढून घेतला.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर सकाळी नऊला चार्ट लागायचा, चहाची पहिली फेरी व्हायची, गलका व्हायचा, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत सगळं शांत. माझे नियम दोनच. एक, दोघंही राजी असतील तरच बदल. दोन, कारण विचारायचं नाही. हा दुसरा मी मुद्दाम ठेवला होता. कारण विचारलं की माणूस खोटं बोलायला लागतो. कुणाची सासू आजारी पडते, कुणाचा दात दुखतो. न विचारता बदलू दिलं तर सासवा ठणठणीत राहतात.

हल्ली तिथे संगणक चार्ट करतो. लोक येतात, आपलं नाव बघतात, न बोलता जातात म्हणे.

चार्ट न बसलेला शनिवार मला आठवत नाही.

मोठ्या माणसांसमोर बोलताना केस कपाळावरून मागे घे. आणि भूक लागली की लागली म्हणावं, लाजत बसू नये.

मावशी

ता. क. फोटोवाला काका लिहितो. ‘शनिवार मला आठवत नाही’ ही ओळ मावशीनं तीनदा लिहून दोनदा खोडली आहे, म्हणून कागद मळलेला दिसतोय. कॅमेऱ्याचा दोष नाही.


१६ सप्टेंबर

मावशी, काका,

खोली छोटी आहे, खिडकीतून सायकली लावायची जागा दिसते. गळ्यातल्या पाटीवर नुसतं नाव असतं, पदवी नाही, बक्षीसही नाही. त्यामुळे काल मी एका गृहस्थांना चमचे कुठे आहेत असं विचारलं, त्यांनी आणून दिले, आणि ते निघाले तीस वर्षांपूर्वी अख्खी दुनिया हलवणारं काहीतरी शोधलेले. आता आम्ही सगळेच घाबरून कुणालाच काही विचारत नाही. न्याहारीला प्रत्येक बक्षीसवाल्याशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवायची असा इथला नियम आहे. पण ताट घेऊन त्या खुर्चीपर्यंत जायचं कसं? काल दहा मिनिटं नुसती मिठाची बाटली शोधत फिरले.

शेवटी तुझं वाक्य आठवलं. जाऊन म्हटलं, "मला भूक लागलीय, इथे बसू?" ते म्हणाले, "बसा, मलाही कंटाळा आलाय." हे संगणकशास्त्रातले. चष्मा सुतळीनं गळ्यात अडकवलेला, म्हणून मी त्यांना सुतळीवाले म्हणते. त्यांना तुझा चार्ट सांगितला. त्यांचं अंडं ताटात तसंच राहिलं. पलीकडच्या टेबलावरून त्यांनी एका बाईंना हाक मारली. शिडशिडीत बांधा, पाठीवर शाळेतल्या पोरीसारखी पिशवी, आणि गणितातलं सगळ्यात मोठं बक्षीस नावावर. त्या फार बोलत नाहीत. "का?" एवढंच विचारतात.

"हे थांबतं," मी म्हटलं.

"का?"

"दोघंही खूश झाल्याशिवाय बदल होत नाही. म्हणजे प्रत्येक बदलानं खुशी वाढतच जाते."

"फक्त त्या दोघांची. त्यांच्या जोडीदारांचं काय?"

मावशी, कागदी रुमालावर तीन मिनिटांत माझी चार वर्षं! ड्रायव्हरनं ड्यूटी बदलली की त्याच्या कंडक्टरचा जोडीदारही बदलतो, आणि त्या बिचाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. मग तो बदलतो. त्यानं बदललं की पहिला पुन्हा नाखूश. चार अदलाबदलींत गाडी फिरून पहिल्या स्टॉपवर. बाईंनी ते चक्र काढून दाखवलं. म्हणजे तुझा चार्ट अधूनमधून तरी गरगरत राहायला हवा होता.

"पण सव्वीस वर्षांत एकदाही नाही," मी म्हटलं.

सुतळीवाले हसले. "मग त्या खोलीत असं काहीतरी होतं जे तुमच्या कागदावर नाही. गुरुवारपर्यंत शोधून आणा."

काय होतं, मावशी? घड्याळ? चहा? तू? आठव ना. आता तीनच दिवस आहेत.

भिंगरी


१७ सप्टेंबर

भिंगरे,

पत्र मिळालं. इकडे सगळे बरे. त्या खोलीत विशेष असं काही नव्हतं, बाकं होती आणि मोठी किटली होती. जेवण वेळेवर घे.

मावशी

ता. क. मी काका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंसं उत्तर! शिवाय आज मावशी एकटीच बाजारात जाऊन आली आणि पिशवीत काहीच आणलं नाही. कुरिअरच्या दुकानाबाहेर तिला शेजारच्या शिंपीणबाईंनी पाहिलं. मी विचारलं नाही. आमच्या घरात कारण विचारत नाहीत.


१७ सप्टेंबर, कुरिअरने

भिंगरे,

या पत्राचा फोटो काढलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

मी तुला खोटं सांगितलं. चार्ट बसायचा नाही. सुरुवातीच्या महिन्यांत तर दर शनिवारी गरगरायचा, त्या बाईंनी रुमालावर काढलं अगदी तसाच. तेच नाव तिसऱ्यांदा त्याच रकान्यात आलं की मी आधी साहेबांच्या दाराकडे बघायचे. मी नवी होते, ऑफिसात एकटी बाई, आणि वरचे साहेब माझा पेन्सिलीचा खेळ बंद करायला टपलेले.

चक्राच्या मुळाशी नेहमी एकच ड्यूटी असायची. चार-चाळीसची. तुला आठवत असेल, पहाटे घरोघरी फिरून कर्मचाऱ्यांना डेपोत आणणारी गाडी. तिच्यावर कंडक्टर नाही, सोबत नाही, सगळ्यांच्या आधी उठायचं. ती टाळायला एक जण दुसऱ्याला गळ घालून बदलायचा, की त्याच्यामागून सगळी रांग हलायची. एका शनिवारी मी वैतागून तिच्यापुढे काकांचं नाव लिहिलं. ते सुट्टीवर होते, बोलायला समोर नव्हते. चार्ट दहा मिनिटांत बसला.

मग मी वाट बघायचंच सोडलं. चार्ट लावायच्या आधीच त्यांचं नाव तिथे. घरी मी सांगायचे, "पाळीनं आली." ते म्हणायचे, "बरं." पंचवीस वर्षं, भिंगरे! परक्या माणसावर अन्याय केला असता तर त्यानं भांडून तरी घेतलं असतं. हा घरचा.

एकदा माझं मन खाऊ लागलं, तेव्हा त्यांना महिनाभर दहाची ड्यूटी दिली. तर पहिल्याच शनिवारी ते स्वतः उठले आणि कुणाशी तरी बदलून चार-चाळीस परत घेतली. मी शाईची बाटली हातात घेऊन बघत राहिले. मला वाटलं, या माणसानं आता काही मागायचंच सोडून दिलं. विचारलं नाही. नियम माझाच होता.

तुझ्या सिद्धतेला हे उपयोगी पडेल का ते मला कळत नाही. पण वीस मोठ्या माणसांसमोर तू माझ्या खोट्यावर उभी राहू नयेस, एवढंच. काकांना सांगू नकोस.

मावशी


२० सप्टेंबर, कुरिअरने

मावशी,

तुझं पत्र बुधवारी दुपारी मिळालं. जिन्यात बसून वाचलं. आधी तुझा राग आला, मग जेवायची वेळ झाली, मग राग गेला, कारण भुकेल्या पोटी मी रुमालावरचं चक्र पुन्हा काढून पाहिलं आणि त्यात एक नवा माणूस घातला. त्याला मी क्ष म्हटलं. त्याला कुठलीही ड्यूटी चालते. सगळ्यांना नको असलेली त्याला दिली, आणि चक्र तुटलं.

काल फळ्यासमोर पहिलं वाक्य असं म्हटलं: "मी इथे जे सिद्ध करायला आले होते ते चूक आहे." सभागृहात दोनशे माणसं, आणि सुतळीवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग क्षची गोष्ट मांडली. सुतळीवाल्यांनी टाळी वाजवायला हात उचलले तोच बाईंनी विचारलं, "हा क्ष कोण?"

"एक ड्रायव्हर."

"त्याला काय हवं असतं?"

"काहीच नाही. काहीही चालतं."

"काहीही चालत असेल, तर कुणीतरी दुसऱ्या बदलासाठी त्याला विचारेल, तो हो म्हणेल, आणि पुन्हा चक्रात येईल. तो जागेवर का राहतो?"

लटकणारी पायरी होती तिथेच, नुसती क्षच्या खाली सरकली होती.

"तुम्ही त्याला विचारलंत?" बाई म्हणाल्या. मी नाही म्हटलं, घंटा वाजली, सभागृह हसलं. वाईट नाही, मायेनंच हसलं.

नंतर कोट घेताना बाई शेजारी आल्या. म्हणाल्या, "ज्याला काही नको असतं असा माणूस मी सत्तर वर्षांत पाहिलेला नाही. काही नको म्हणणारे पुष्कळ पाहिलेत. ते वेगळे." पत्ता लिहून दिला. उत्तर मिळालं तर कळवा म्हणाल्या.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. क्ष हा क्षच आहे. पण सरांना महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय, आणि ते उत्तर तुझ्यासमोर बसून रोज सकाळी पेपर वाचतं. विचारशील? की मी विचारू? तू नको म्हणालीस तर नवा विषय शोधीन. खरंच शोधीन, कुरकूर न करता.

भिंगरी


२४ सप्टेंबर

भिंगरी,

हे माझं पहिलं अख्खं पत्र. आजवर ताजा कलमांवर भागवलं.

कुरिअरवाल्यानं दिलेलं पाकीट मी न फोडता टेबलावर ठेवलं होतं. मावशीनं चहा घेऊन ते फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "यातला क्ष तुम्ही." आणि कपाट आवरायला गेली. कपाट कालच आवरलेलं होतं.

तर क्ष लिहितो, की त्याला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. अख्खा डेपो पहाटे माझ्या गाडीत बसायचा. पेंगुळलेली माणसं खोटं बोलत नाहीत. "आज परत तुम्हीच का? वहिनींशी भांडलात वाटतं!" असं रोज कुणीतरी विचारायचं. आणि लोकांनी सांगायची गरजही नव्हती. बाकी सगळे पेन्सिलीत. मीही पेन्सिलीतच, पण माझं नाव मावशी एवढं दाबून लिहायची, की ते खोडरबरानं जाण्यातलं नव्हतं. कागदाच्या मागून हात फिरवला तर एकच नाव बोटाला लागायचं.

पहिली दोन वर्षं मला राग होता. तुझ्या बाईंना हेही सांग. मी काही संतमाणूस नाही. भांडायचं रोज ठरवायचो, पण भांडायला जागं राहावं लागतं, आणि आठला माझे डोळे मिटायचे.

मग तुझ्या आईची बदली झाली आणि सहा वर्षांची तू आमच्याकडे आलीस. त्याच महिन्यात मावशीनं मला दहाची ड्यूटी दिली. तुझी शाळा दीडला सुटायची. मावशी डेपोत सहापर्यंत. तुला शिंपीणबाईंकडे बसवायचं ठरलं. दोन दिवस बसलीस, दोन्ही दिवस जेवली नाहीस, शिलाई मशिनीखाली जाऊन बसलीस. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. चार-चाळीसवाला साडेबाराला मोकळा होतो. मी उठलो आणि बदलून घेतली.

मला काहीही चालत नव्हतं, पोरी. मला दीड वाजता त्या शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं होतं. दुसरी कुठलीही ड्यूटी कुणी हात जोडून दिली असती तरी घेतली नसती. तिघांनी देऊ केलीही होती. पुढे तू सायकलनं येऊ लागलीस, तोवर दुपारच्या झोपेची सवय लागली होती. तीही सोडवेना.

मावशीला सांगितलं का नाही म्हणशील, तर तिनं विचारलं नाही. कारण न विचारण्याचा नियम डेपोपुरता होता. तो ती घरी कशाला घेऊन आली कोण जाणे.

काका

ता. क. आता मावशी. आज ताजा कलम माझा. पंचवीस वर्षं मी या माणसापुढे बशीतलं मोठं बिस्कीट सरकवत आले, पापक्षालन म्हणून. त्याला वाटत होतं, मला गोड आवडत नाही. आवडतं, म्हणून सांगितलं आज. डेपोतला एक जुना चार्ट मी कपाटाच्या तळाला अंथरला होता, तो बाहेर काढला. काकांनी माझं बोट धरून मागून फिरवलं. एकच नाव लागतं. खरंच लागतं गं.


२ ऑक्टोबर

प्रिय मावशी, प्रिय काका,

"काहीही चालतं" ही ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं: "त्याला जे हवं आहे ते दुसऱ्या कुणालाच नको आहे." काहीही चालणारा माणूस हलवता येतो. हाच नेमका हलत नाही. म्हणून चक्र तुटतं आणि तुटलेलंच राहतं. पायरी बसली. सरांनी तीन दिवस ठोकून पाहिली, मग म्हणाले, "प्रबंध बांधायला टाक." बांधणीवाला जानेवारी म्हणतोय. तुम्ही दोघांनी यायचं, आणि यायची गाडी चार-चाळीसची नाही.

बाईंना कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: "आता पटलं. त्या गृहस्थांना माझा नमस्कार." खाली सुतळीवाल्यांची ओळ होती, की त्यांनाही एकदा त्या चार्टवरून बोट फिरवायचंय.

मला मात्र माझी शाळा आठवते आहे. इतर मुलांना न्यायला रोज वेगवेगळी माणसं यायची, आई, आजोबा, शेजारी. मला वाटायचं, माझे काका ड्यूटी नसलेले आहेत.

चार्टचा फोटो पाठवा. काका, पुढच्या बाजूचा नको, मागच्या बाजूचा. सकाळी खिडकीशी धरा, उजेड तिरका पडू द्या. म्हणजे दिसेल.

तुमची
भिंगरी